खांबाआडची टाकी

चित्रातली पाण्याची टाकी पूर्ण दिसत होती. पौर्णिमाने पुन्हा नीट पाहिलं. शाळेच्या भिंतीवर काल कोळशाने काढलेल्या रेषांत व्हरांड्याचा खांब त्या टाकीचा अर्धा भाग झाकत होता. आज रंग भरताना वडिलांनी ती टाकी खांबाआडून बाहेर काढली होती.

किन्हीराजा गावच्या शाळेत तिचे वडील भिवाजी चित्रकला शिकवत आणि पौर्णिमा विज्ञान. त्याआधी भिवाजी तोफखान्यात होते. कारगिलला पुढच्या ठाण्यावर बसून समोरच्या डोंगराची रेषा कागदावर उतरवायची, तिच्या आधाराने मागच्या तोफा मारा करायच्या. सवय तेव्हाची: जागा ठरली की पावलांभोवती खडूची रेघ, डावा डोळा मिटलेला, माप उजव्याने. मुलांनाही ते हेच शिकवत.

पौर्णिमा त्यांच्या खडूच्या पावलांवर उभी राहिली. डावा डोळा मिटला. समोरची खरी टाकी अर्धी. उजवा मिटला. टाकी पूर्ण.

बाबा आज डाव्या डोळ्याने बघत होते.

उजव्या डोळ्यात लढाईतला लोखंडाचा बारीक तुकडा होता. काढून घ्या, उशीर केला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं. भिवाजी दरवेळी हसून विषय बदलत.

आता ते उंच परांचीवर आभाळ रंगवत होते. खाली शाळेचा शिपाई शालिग्राम बांबू धरून उभा होता.

"सर, पुरे करा आता आभाय. ढगाईले बी जागा ठेवा थोडी!"

"तू बांबू धर मुकाट्यानं."

भिवाजींनी रंगाचा डबा फळीवर ठेवला, पण तिथे फळी नव्हती. डबा खाली आदळला, निळा रंग शालिग्रामच्या सदऱ्यावर उडाला.

"अरे बापा! मले बी रंगवून राह्यले का?"

भिवाजी हसले. हसता हसता मागे सरकले. मागे अजून फळी आहे असं त्यांना वाटत होतं.

ओरडलं तर ते वळतील. पौर्णिमाने वर्गात हजेरी घेतात तसा सरळ आवाज काढला.

"बाबा, हाये तिथंच खाली बसा."

जुना हुकूम ऐकल्यासारखे ते थिजले. मग सावकाश बसले. एक टाच हवेत लोंबली. चाचपून त्यांनी ती आत ओढली.

ती शिडीने वर गेली, त्यांच्याजवळ बसली.

"कवापासून?"

"काय कवापासून?"

"मी तुमच्या खडूवर उभी राहून आली, बाबा."

ते ब्रश पुसत राहिले. "दिवाळीपासून कमी होत गेलं. आज मापच लागे ना."

"उजेड दिसते?"

"दिसते. धुक्यासारखा."

"मंग तुकडा काहून काढू देत नाही?"

"ठाण्यावर आमी तिघं होतो, माय. तोफेचा गोया एकच पडला. धनसिंग गेला, तो पंजाबचा पोरगा गेला. माह्या वाट्याले एवढंसं आलं. तेबी टाकून देऊ?"

"धनसिंगकाकानं सांगतलं होतं का, आंधये व्हा म्हून?"

भिवाजींची मान झटकन वर आली. त्यांनी फळीच्या कडेवरून हात फिरवत ती कुठे संपते ते चाचपलं. मग भिवाजींनी तिचा दंड घट्ट धरला.

"हेडमास्तरले आपल्या दोघाईच्या रजेचं सांग. अकोल्याले जाऊ. काढून टाकतो तुकडा."