घंटेवर उठणारी पोरं

तपासणीच्या बाईंनी पितळेची घंटा जोरजोरात वाजवली. वाडीच्या अंगणवाडीतली नऊच्या नऊ पोरं ताडकन उठली आणि दारातून डोंगराकडं धावत सुटली.

घंटा झाली की हाताची घडी घालून गप्प बसायचं, असं बाईंनी आत्ताच समजावलं होतं. पोरांनी मानाही डोलावल्या होत्या.

‘मुले सूचना पाळत नाहीत,’ बाईंनी वहीत लिहिलं. असा शेरा पडला की अंगणवाडी खालच्या गावात हलणार आणि तीन वर्षांची पोरं रोज ओढा ओलांडणार. वहीत ओढा दिसत नाही. तेवीस वर्षं इथं खिचडी शिजवणाऱ्या, कुणा साहेबापुढं कधी तोंड न उघडलेल्या बयाबाईंना तो दिसला.

“त्ये खोडा, बाई.”

“का?”

“धनगराची पोरं हाईत ही. गळ्यातली घंटा जोरात वाजली म्हंजी शेरडं वाड्यातनं सुटली. पळत जाऊन हात पसरून वाट अडवायची, ह्ये पाय फुटल्यापास्नं शिकवल्यालं. आनखी कसं ऐकायचं त्यांनी?”

बाहेर उतारावर पोरं हात पसरून रांगेत उभी होती. शेरडं कुठंच नव्हती. सगळ्यात धाकटा गेनू, चड्डी घसरलेली, पण हात सगळ्यात ताठ.

“मुलांनो, आत या बरं,” बाईंनी हाक मारली. कुणी हललं नाही. बाईंनी पुन्हा घंटा वाजवली, तशी पोरं अजून फाकून उभी राहिली.

बयाबाईंनी दोन बोटं ओठांत घालून, शेरडं वाड्यात परतली की घालतात ती शीळ घातली. पोरं मुकाट आत येऊन बसली. मला तर तेव्हाच बाईंनी हसायला हवं होतं असं वाटतं, पण हुद्द्याची माणसं हसत नाहीत.

“शिट्टीवर अंगणवाडी चालत नसते,” म्हणत त्यांनी वही-घंटा पिशवीत कोंबली आणि त्या तरातरा निघाल्या. पिशवीतली घंटा पावलागणिक खणखणू लागली.

पोरं पुन्हा उठली. वळसा घालून पुढं गेली आणि बाईंची वाट अडवून हात पसरून उभी राहिली. बाई डावीकडं सरकल्या, रांग डावीकडं सरकली.

“अहो, शीळ घाला ना,” बाई मागं वळून म्हणाल्या.

“आधी वही काढा.”

“नोकरीवरून काढतील तुम्हाला.”

“काढू द्या. पोरं हितंच बसत्याल.”

गेनूचे हात थरथरायला लागले होते, तरी त्यानं ते खाली घेतले नव्हते. बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी वही काढली, पेन फिरवलं आणि पान उंच धरलं. एवढ्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, आडवी रेघ मात्र दिसली.

बयाबाईंनी पदराला हात पुसले आणि मगच बोटं ओठांशी नेली.