अर्मासच्या तुंबड्या

तळ्याकाठच्या सौनाच्या गरम खोलीतून वाफ घेऊन आलेली सात माणसं बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत उघडीबंब बसली होती. मधे तौनोच्या पाठीवरून रक्ताचे ओघळ चालले होते. अर्मास तुंबडीवाल्याने पात्याने आणखी एक चीर पाडली, वर रक्त ओढणारं पोकळ शिंग चिकटवलं आणि गरजला, "बघा, कसं काळंकुट्ट निघतंय! दवाखान्याचं विष!" मशीनवर रक्तदाब एकशे पंचवीस आला. महिन्यापूर्वी तोच एकशे ऐंशी होता. लोकांनी आरोळी ठोकली.

वर्षापूर्वी तौनोच्या पोटात दुसऱ्याचं यकृत बसवलं होतं. ते टिकवणाऱ्या गोळ्या अर्मासने तीन आठवड्यांपूर्वी शेगडीत फेकायला लावल्या, हे तौनोची नर्स मुलगी हिल्क्का हिला आज गावी आल्यावर कळलं. तिने दाराला लाथ घातली.

"बाबा, उठा!" तिने शिंग ओरबाडून काढलं. रक्त तिच्या तोंडावर उडालं.

तौनोने खाडकन तिच्या मुस्काटात मारली. "चालती हो! वर्षभर कॉफीचा कप धरवत नव्हता मला. आता बघ, हात थरथरतो का!"

अर्मासने पाणी ओतायचा पितळी डाव उगारला. हिल्क्काने लाकडी बादलीच त्याच्या थोबाडावर हाणली. दात पडला, वाईट वाटायचं काही कारण नाही.

"पेक्का, वाफेला आत जाताना मशीनवर तुझा दाब किती आला होता?" तिने बाकावरच्या शेजाऱ्याला विचारलं.

"एकशे पन्नास," तो पुटपुटला. मशीन लावलं. एकशे तीस.

"याला कोणी तुंबडी लावली? वाफेनेच उतरतो!" ती ओरडली. "आणि बाबा, तुमच्या गोळ्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना आवरतात, नाहीतर ते परक्या यकृतावर तुटून पडतील. पण त्याच गोळ्यांनी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना मिळणारे निरोप बिघडतात. 'सैल हो' कमी, 'आवळ' जास्त. म्हणून दाब चढायचा. हात थरथरायचे तेही गोळ्यांनीच. गोळ्या थांबल्या, वाहिन्या सुटल्या. पण पहारेकरीही सुटले!"

तिने बापाला फरफटत उन्हात नेलं आणि मोबाइलमध्ये त्याचा चेहरा दाखवला. डोळे पिवळेधमक झाले होते. "चल, दवाखान्यात ने," तौनो म्हणाला. मागे अर्मास रक्त थुंकत शिंगं गोळा करत होता. त्याला कोणी हात दिला नाही.

दोन आठवड्यांनी दवाखान्यात तौनोच्या कपातली कॉफी चादरीवर सांडली.

"पुन्हा थरथरतोय गं."

"थरथरू दे, बाबा. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, डॉक्टर मात्रा बघतायत, दाबाची गोळी वेगळी दिलीय. यकृत वाचतंय."

तौनोने तिच्या गालावरून थरथरता हात फिरवला.

बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. कशाने बरं वाटलं, एवढं आधी विचारा. गोळ्या शेगडीत टाकायच्या आधी.