टाकीच्या तोंडाला नाक

त्या गॅरेजात बत्ती पेटवायची तर आधी नाकोबाला विचारावं लागायचं. कायदाच होता तो. गाडीची पेट्रोलची टाकी गळायला लागली की तिला डाग द्यायचा, म्हणजे गॅसच्या बत्तीने पितळ वितळवून भोक बुजवायचं. आणि जिच्या पोटात परवापर्यंत पेट्रोल होतं तिच्याजवळ ज्वाळा नेणं म्हणजे झोपलेल्या वाघाच्या मिशांची वेणी घालणं. त्यातही भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त खुनशी. पेट्रोल संपतं, पण त्याची वाफ आत दबा धरून बसते. म्हणून टाकी साबणाच्या गरम पाण्याने खळखळून धुवायची, पाण्याने भरायची, आणि मग थोरल्या भावाने तिच्या तोंडाला नाक लावायचं. तो डोळे मिटायचा, लांब श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "लाव." मगच धाकटा बत्ती पेटवायचा. वडिलांपासूनची रीत.

थोरल्याला सगळे नाकोबा म्हणत आणि त्यालाही ते मानाचं वाटे. पेट्रोल ताजं की शिळं, कुणी रॉकेल मिसळलंय का, टाकी आतून गंजलीय का, सगळं तो वासावर सांगायचा. "लोक नुसतेच नाकाने कांदे सोलतात," धाकटा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा दादा कांदा कुठल्या दुकानातला तेही सांगतो."

आणि नेमकं तेच नाक मेलं.

साधा ताप आला होता. आला तसा गेलाही, पण पाहुण्याने जाताना चांदीचा चमचा खिशात घालावा तसा वास घेऊन गेला. नाकोबाला वाटलं, येईल परत. तो रोज सकाळी साबणाची वडी हुंगायचा, मग चहाची पूड, मग स्वतःचे बूट. बुटांचाही येईना तेव्हा त्याने समजायचं ते समजून घेतलं.

कळलं फक्त बायकोला. गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि हा शेजारच्याच खुर्चीत निवांत पेपर वाचत होता.

"अहो, नाक काय गहाण टाकलंत?" ती हसत म्हणाली. मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि पातेलं नळाखाली ठेवून त्याच्यासमोर येऊन बसली. "भाऊजींना सांगा."

"काय सांगू? हात थरथरायला लागले तेव्हा बत्ती त्याच्याकडे दिली. बारीक दिसेनासं झालं तेव्हा मापंही त्यालाच घ्यायला लावली. नाक तेवढं माझं उरलं होतं. तेही गेलं म्हणून सांगू? मग मी तिथे जायचं कशाला, टेबलावरची धूळ पुसायला?"

"धूळ पुसल्याने कुणी मरत नाही."

"दोनदा धुवायची ती चारदा धुतो. पाणी काठोकाठ भरतो. पाण्याला कधी आग लागलीय?"

ती पातेलं घासत राहिली. घासून निघण्यातलं ते नव्हतं.

त्यानंतर नाकोबा अगदी पूर्वीसारखा टाकीवर वाकायचा, पूर्वीइतकाच वेळ डोळे मिटायचा आणि "लाव" म्हणायचा. काही होत नव्हतं. काही होत नाही याची माणसाला किती लवकर सवय होते! बत्ती पेटताना पहिल्या टाकीला तो दोन पावलं मागे सरला होता; पुढेपुढे जागचा हलेनाही.

मग एक दिवस टॅक्सीवाली मावशी आली. गाडीआधी तिचा आवाज आत आला.

"नाकोबा, हिला दोन रोग झालेत. एक म्हणजे गळते. दुसरा म्हणजे पंपावर नळी घातली की दोन घोट पिते आणि खट्ट, बंद. पोट रिकामं आणि तोंडातून उलटी. पंपावरचा पोरगा विचारतो, मावशी, गाडीचा उपास आहे का?"

नाकोबा खुलला. अशा वेळी तो सगळं विसरायचा. "बाटली पाण्यात बुडवली की बुडबुड करते ना? पाणी आत जायचं तर हवेला बाहेर यायला वाट लागते. टाकीचंही तसंच. हे जाड नळकांडं पेट्रोल आत जायला, आणि त्याला चिकटून ही बारकी नळी, हवा बाहेर यायला. तुमची बारकी तुंबलीय. हवा कोंडते, पेट्रोल उलटं वर चढतं, पंपाला वाटतं पोट भरलं, की तो बंद."

"म्हणजे खाणं ठीक आहे, ढेकर अडकलाय," मावशी म्हणाली.

"अगदी बरोबर. गळणारी जागाही तिथेच आहे, या दोन्हींच्या बुडाशी. आधी डाग देऊ, मग बारकी साफ करू."

टाकी उतरवली. नाकोबाने ती चारदा धुतली, वाहेपर्यंत पाणी भरलं, मग डाग देण्यापुरतं नळीच्या बुडापर्यंत उतरवलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पाणी चढलं की ते जाड तोंडातून वाहून जातं, आणि तसं ते गेलंही. पण बारक्या नळीचं वरचं तोंड गंजाने बंद होतं. तिच्यातून पाणी आरपार जाणार कसं? तिच्या वाकणात पेट्रोल होतं तसंच राहिलं. तुंबलीय हे नाकोबाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि सुचणं वेगळं. आजवर त्याला असलं काही सुचावं लागलंच नव्हतं, नाक आपसूक त्या नळीकडे वळायचं. तो जाड तोंडावर वाकला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"लाव," तो म्हणाला.

धाकट्याने चष्मा खाली ओढला आणि बत्ती पेटवली. पितळ वितळायला लागलं, छान पिवळंधमक. मग बारक्या नळीतून किटली शिट्टी घालते तसा आवाज आला. धाकट्याने मान वर केली आणि गंजाचं बूच उडालं. आगीची एक पट्टी त्याच्या गालावरून, मानेवरून, उजव्या हातावर खालपर्यंत उतरली. मावशीने अंगावरची शाल त्याच्यावर टाकून आग दाबली. नाकोबा टाकीशेजारीच उभा होता. धाकट्याचे केस जळाले होते, आणि थोरल्याला त्याचाही वास आला नाही.

दवाखान्यात धाकट्याचा हात बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला, बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. नाकोबा कॉटशेजारी स्टुलावर बसला. धाकट्याने मान त्याच्याकडे वळवली.

"दादा, तुला सर्दी होती का रे?"

विचारलं नव्हतं, वाट करून दिली होती. थोरल्याने त्या वाटेने निघून जावं म्हणून.

"हो," नाकोबा म्हणाला. "थोडीशी."

"मग बरोबर," धाकटा म्हणाला आणि समाधानाने डोळे मिटून पडला. ते समाधान नाकोबाला घरी आल्यावरही दिसत राहिलं. बायकोने जेवायला वाढलं, ते तसंच राहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पट्ट्या निघाल्या तसा धाकटा कामावर आला. बत्ती आता डाव्या हातात धरायला शिकत होता. बाकावर कुणाच्या तरी व्हॅनची टाकी धुऊन, भरून ठेवलेली होती. त्याचा उजवा गाल अजून गुळगुळीत, लाल होता.

"ये दादा. आता सर्दी नाही ना? लाव नाक."

नाकोबा वाकला. तोंडाशी पाणी हलत होतं आणि त्यात त्याचंच नाक दिसत होतं. जिभेवर "लाव" तयार होतं. त्याने मान वर केली तर समोर तो लाल गाल.

"नको लावूस," तो म्हणाला. "मला वास येत नाही."

"अजून सर्दी?"

"सर्दी नव्हती. तापात गेला. तेव्हापासून नाही."

धाकट्याच्या डोळ्यांसमोरून तापानंतरच्या सगळ्या टाक्या जात असणार. प्रत्येकीवर बत्ती घेऊन तो स्वतः वाकला होता, प्रत्येकीवर त्याचं तोंड होतं. त्याने बत्तीची चावी घट्ट पिळून बंद केली. डाव्या हाताने धड जमत नव्हतं, तरी थोरल्याला धरू दिली नाही.

"मला सांगितलं असतंस तर चाललं असतं रे. मी काही तुला घरी बसवलं नसतं."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तरी?" धाकटा म्हणाला. न सांगायला आधी निदान लाज हे कारण होतं, आता तेही राहिलं नाही.

नाकोबा अजून गॅरेजात येतो. घरी बस असं धाकटा म्हणाला नाही. पुढच्या टेबलावर टाक्यांच्या टोपणांचा डबा आहे, तो साफ करायचं काम नाकोबाने आपलं आपणच घेतलं. टोपणात एक चिमुकली झडप असते. पेट्रोल संपत जातं तशी ती बाहेरची हवा आत सोडते, आतलं मात्र बाहेर येऊ देत नाही. ती चालते का हे तोंडाने ओढून पाहायचं. तो ओढून पाहतो, पुसतो, आणि डब्यात टाकण्याआधी दर वेळी नाकाशी नेतो.

मागे धाकटा टाकीवर वाकतो. आधी जाड नळकांड्यावर, मग बारक्या नळीवर, मग पुन्हा जाडवर. त्याला नाक लावायचा तो मान नकोच होता. बराच वेळ तसाच वाकून राहतो, मग स्वतःशीच म्हणतो, "लाव." बत्ती फुरफुरते.

नाकोबाचा हात टोपणावर थांबतो. तो मागे वळून पाहत नाही, कान टवकारून बसून राहतो, ज्वाळा विझेपर्यंत. मग पुढचं टोपण उचलतो.