आधी रिकामा काटा दाखव

पैज लागली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पानठेल्यावर. एकीकडून सायकली दुरुस्त करणारा लहानू, दुसरीकडून कचेरीतले बाबू महादेवराव. दोघं एका भिंतीचे शेजारी, अन् दोघांची पोटं अशी, का बैलजोडीत जुंपले असते तं पोळ्यात पहिला नंबर आला असता.

लहानू म्हणे, "बाबूजी, काल पुरणपोळ्या हाणल्या तुम्ही. शर्टाच्या बटना बोंबलून राहिल्या. आता माझ्याहून जड झाले."

महादेवराव म्हणे, "तू आधी आरशात पाह्य गा, मंग बोल."

झालं. ठरलं असं, का जो जड निघेल तो हरला. अन् हरेल त्यानं लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची. सुट्टीचा दिवस, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक पाहून परतलेले पोट्टे, कोणाले काही काम नाही. अख्खी गल्ली उठली अन् माझ्याकडं निघाली.

माझ्याकडं काहून? कारण माणूस बसवून तोलता येईल असा काटा त्या वस्तीत एकच होता, अन् तो मी. नंदनवन वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्यावर मार्तंडरावाची टाल होती, म्हणजे जळाऊ लाकूड तोलून विकायची जागा. तिथं आडव्या बल्लीले मी टांगलेला होतो.

पोट्टेहो, आज मले पाहाल तं ओळखणार नाही. भंगारच्या ढिगात पडलो आहो. साखळ्या गंजल्या, मधली सुई वाकली, एक पारडं कोणीतरी कोंबडी अंड्यांवर बसवायले नेलं. पण एकेकाळी माझ्याशिवाय वस्तीत चूल पेटत नव्हती. गॅसची शेगडी तेव्हा साहेब लोकांकडं. बाकी सगळ्यांचं, सकाळच्या चहापासून मयतापर्यंत, लाकडावरच.

माझी दांडी ठोकली भिवापूरच्या एका लोहारानं. तिथली मिरची तुम्हाले माहीत असेल. लोक म्हणत, ठोकताना भट्टीत मूठभर मिरच्या पडल्या असतील, म्हणून हा काटा असा तिखट. खोटं नाही. मी पहिल्यापासूनच खोडकर. एखादा कंजूस गिऱ्हाईक हळूच पायानं पारडं दाबायले लागला, का मी साखळी अशी किंचाळवायचो, का रस्त्यावरचे टांगेवाले थांबून पाहत. मंग तो पाय मागं घेऊन आभाळाकडं पाहायचा, जसा काही पाऊस कुठवर आला ते पाहून राहिला.

माझा पहिला मालक विश्वनाथराव, मार्तंडरावाचा बाप. त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं, का आधी दोन्ही पारडी रिकामी करायचा, मले मोकळं लटकू द्यायचा अन् म्हणायचा, "पाहून घ्या. सुई मधात आहे ना?" गिऱ्हाइकानं मान हलवली तरच लाकूड टाकायचा. लहान पोर आलं तरी तेच. एका पोरानं तं विचारलं, "काका, मले कायले दाखवता? मले समजत नाही." तं म्हणे, "समजत नाही म्हणूनच दाखवतो." लोक लांबून लांबून येत. टालीचं नाव कोणी घेत नव्हतं. म्हणत, त्या सरळ काट्याकडं चाललो.

माझी छाती फुगायची, छाती असती तं.

बाप गेला अन् पोरगा गादीवर बसला. एका दुपारी मार्तंडरावानं फाटक लावलं, माझं उजवं पारडं उलटं केलं अन् बुडाले डांबर फासून लोखंडाची जाड पट्टी चिकटवली. वरून माती थापली. याले पासंग म्हणतात. आता समजून घ्या, तुम्ही दोघं फळीच्या दोन टोकांवर बसून वर-खाली झुलता तसंच आहे. लाकूड विकताना तो लाकूड उजव्या पारड्यात टाकायचा. पट्टीचं वजन लाकडाच्या नावावर जायचं, लाकूड कमी दिलं तरी भरायचं. अन् मोळ्या घेऊन बाया आल्या, का त्यांच्या मोळ्या डाव्या पारड्यात. तिकडं पट्टी वजनाच्या बाजूनं बसायची, मोळी केवढीही आणा, कमीच भरायची. विकतानाही चोरी, घेतानाही चोरी, अन् दोन्ही चोऱ्या माझ्या गळ्यात.

मले तोंड असतं तं चावलो असतो त्याले.

तसा तो सकाळी लाकडावर बादलीभर पाणीही शिंपडायचा. पण पाणी उन्हानं उडते, पासंग उडत नाही. मले रिकामं तं तो कोणाले पाहूच द्यायचा नाही. काम नसलं तरी डाव्या पारड्यात एखादं वजन ठेवलेलंच. बापाची रीत बंद. कोणी म्हटलं, का बाप्पा आधी दाखवा ना, तं म्हणायचा, "माझ्या बापाचा काटा आहे, त्याच्यावर संशय घेता?" अन् लोक शरमायचे. बापाची पुण्याई पोरगा विकून राहिला होता, तीही कमी तोलून. एकदा मापं तपासणारा साहेब आला. वजनांवरचे शिक्के पाहिले, ते खरे होते. पारड्याच्या खाली वाकून पाहिलं नाही त्यानं. पँट इस्त्रीची होती ना.

मी रागानं किंचाळायचो. मार्तंडराव साखळीले तेल घालायचा.

या सगळ्यात बायजाबाईचा हिशेब मले सगळ्यात जास्त जाळायचा. ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. एक दिवस उमरेड रोडच्या झुडपी जंगलात वाळकं लाकूड गोळा करायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे मोळी डोक्यावर घेऊन टालीवर यायचं. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, अन् मोळी पळसाच्या वाकानं, म्हणजे मुळाच्या सालीच्या दोरानं, बांधलेली, गाठ अशी का दुसऱ्या कोणाले जमत नव्हती. मोळी उतरवली का ती चुंबळ झटकून कमरेले खोसायची अन् माझ्याकडं पाहायची. मी तिच्याकडं पाहू शकत नव्हतो.

पैजेच्या त्याच दिवशी सकाळी तिनं मोळी टाकली. मार्तंडरावानं डाव्या पारड्यात तोलली अन् हलकी भरली म्हणून तोंड वाकडं करून पैसे दिले. ते मुठीत धरून ती तशीच पळाली, घाईत होती. तिची पोरगी प्रेमिला पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती अन् रात्रीपासून तिले कळा येऊन राहिल्या होत्या.

दुपारी बायजाबाई परत आली. नातू झाला होता. पण त्या झडीच्या दिवसांत कोरडं होतं ते सकाळी टालीवर विकलेलं, घरात उरलेलं सगळं लाकूड ओलं, चूल नुसती धुमसून राहिली होती. बाळंतिणीच्या अंगावर ऊन पाणी पडलं नव्हतं, शेक नव्हता, अन् पोर गार पडून राहिलं होतं. तिले कोरडं लाकूड पाहिजे होतं, अन् तेही आताच. टिनाच्या छपराखाली तिचीच सकाळची मोळी पडली होती, गाठही सुटली नव्हती. सकाळचेच पैसे पुढं करून म्हणे, हीच द्या.

मार्तंडरावानं तीच मोळी उचलली अन् सवयीनं उजव्या पारड्यात टाकली.

माझी दांडी खाली गेली अन् मी मनातल्या मनात म्हटलं, फसला भैताड.

तो म्हणे, मोळी जड आहे, एवढ्या पैशात अर्धीच येईल, गाठ सोड. बायजाबाईनं मोळीच्या गाठीवर हात ठेवला.

"भाऊ, सकाळी तुमी म्हनले हलकी हाये. आता म्हनता जड हाये. टिनाखाली पडल्या पडल्या लाकूड वाढलं काय?"

मार्तंडराव म्हणे, पाणी लागलं असेल. तिनं हात फिरवून दाखवला, लाकूड ठणठणीत कोरडं. मंग त्याचा आवाज चढला. म्हणे, सकाळी तूच दोन लाकडं लपवून ठेवली अन् आता मोळीत घुसवली. म्हणे चोर आहेस तू, आजपासून तुझी मोळी या टालीवर बंद, घेणार नाही अन् देणारही नाही.

बायजाबाई रडली नाही. कमरेची चुंबळ घट्ट धरून एवढंच म्हणाली, "आमी बुद्धाची दीक्षा घेतली तवापासून रोज सकाळी म्हनतो, न दिलेलं घेनार नाही. लाकूड नका देऊ. पन चोर हे नाव घेऊन मी इथून जानार नाही."

तेवढ्यात फाटकातून लहानू, महादेवराव अन् मागून सगळी वरात आत घुसली. शेवटचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

एखादा शहाणा असता तं म्हणाला असता, आज टाल बंद आहे. पण मार्तंडरावाले वाटलं, देवच पावला. इतके साक्षीदार. लहानूनं पैज सांगितली तं तो हसून म्हणे, "बसा, बसा. या बाईलेही पाहू द्या. माझा काटा सुपारीभर जरी खोटा निघाला, तं तुमची पैज माझी. मीच मोळी डोक्यावर घेईन अन् हिच्या दारात नेऊन टाकीन."

गल्लीनं ते ऐकलं. मीही ऐकलं. एवढ्या वर्षांत मले पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या.

मले रिकामं मात्र तेव्हाही सोडलं नाही त्यानं. मोळी काढता काढताच लहानूले उजव्या पारड्यात बसवलं. महादेवराव धोतर सावरून डाव्या पारड्यात बसले. दोघांनी साखळ्या धरल्या, पाय वर घेतले, अन् मी करकरलो. लहानू खाली, महादेवराव वर. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. महादेवराव तिथूनच ओरडले, का घे मोळी.

पण लहानू हार मानणारा माणूस नव्हता. गोट्यांमध्येही हरला का जागा बदलायचा, तेव्हापासूनची सवय. म्हणे, "बाजू बदलून बसू. मंग मानीन."

मार्तंडराव एकदम म्हणे, काही गरज नाही, काटा आहे का खेळ आहे. त्याच्या लक्षात आलं होतं. वजन अन् लाकूड कधी जागा बदला म्हणत नाही, पण माणूस म्हणते. हे तोवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बायजाबाई हळूच बोलली. "बसू द्या ना भाऊ. काटा सरळ हाये ना?"

आता नाही म्हणायची सोय नव्हती. दोघं उतरले अन् एकमेकांच्या पारड्यात चढले. मी पुन्हा करकरलो, अन् या वेळी मुद्दाम जरा लांबवलं. सगळ्या माना वर झाल्या होत्या. उजवं पारडं हळूहळू खाली गेलं अन् जमिनीले टेकलं. महादेवराव खाली, लहानू वर.

पोट्टे लागले एकमेकांले विचारायले, मंग हरला कोण?

महादेवराव आपल्या पोटाकडं पाहून म्हणे, "अबे, मी उठून बसलो तेवढ्यात जड झालो काय?"

"माह्या मोळीचं बी असंच झालं," बायजाबाई म्हणे. मंग ती पुढं आली. "उतरा दोघं. रिकामा काटा पाहू."

ते उतरले. अन् पोट्टेहो, कित्येक वर्षांनी मी रिकामा लटकलो, भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर. धाडकन उजवीकडं झुकलो. एवढी लाज अन् एवढा आनंद मले एकाच वेळी कधी झाला नव्हता. लहानूनं पारडं उलटं केलं, पान्यानं माती खरवडली, डांबर उचकटलं अन् पट्टी ओढून काढली. हातात धरून सगळ्यांच्या तोंडासमोरून फिरवली, जशी बायको पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे फिरवते.

मी डोललो, एकदा इकडं, एकदा तिकडं, अन् थांबलो. सुई मधात.

मंग जे झालं त्याले भांडण म्हणता येणार नाही, कारण एका बाजूनं कोणी बोलतच नव्हतं. ज्याचं त्याले आठवून राहिलं होतं. कोणाच्या लग्नात लाकूड पुरलं नव्हतं. महादेवराव म्हणाले, माझ्या मायच्या चितेले इथूनच लाकूड नेलं होतं, अर्ध्यात संपलं तं आम्ही घरची खाट मोडून टाकली.

मार्तंडराव म्हणे, बाई, मोळी तशीच घेऊन जा, पैसे नको. बायजाबाई म्हणे, फुकटची नको. सरळ काट्यावर पुन्हा तोला, सकाळी जे कमी दिलं ते वळतं करा, अन् मंग पैजेचं पाहू. तोललं. सकाळी डावं, दुपारी उजवं, आता कोणतंही पारडं घ्या, मोळी तेवढीच.

पोट्टेहो, मी म्हातारा झालो, भंगारात पडलो आहो, पण राग अजून गंजला नाही. तुम्ही दुकानात जाता, साखर घेता, भाजी घेता, अन् शरमता. दुकानदार ओळखीचा आहे, त्याचा बाप भला होता, कसं म्हणावं? म्हणा. तोंड उघडा अन् म्हणा, आधी रिकामा काटा दाखव. जो सरळ आहे तो हसून दाखवते. जो रागावते त्याच्या पारड्याखाली वाकून पाहा. अन् काट्याले शिव्या नका देऊ. आमच्या बुडाले डांबर आम्ही स्वतः लावत नाही.

राहिला प्रश्न, लहानू जड का महादेवराव जड. त्या गोंधळात ते पुन्हा बसलेच नाही. मले माहीत आहे. सांगणार नाही. लावा पैज.

तं मोळी. मार्तंडरावानं ती उचलून डोक्यावर घेतली अन् घेतल्या घेतल्या कळवळला. वाळक्या लाकडाची टोकं टाळूले टोचली. जन्मभर मोळ्या तोलल्या होत्या त्यानं, डोक्यावर एकही घेतली नव्हती. पोट्टे खिदळले. बायजाबाईनं कमरेची चुंबळ काढली, झटकली, पुन्हा गोल वळली अन् त्याच्या डोक्यावर ठेवली. मंग लहानूनं मोळी वर चढवली.

निघाले. पुढं बायजाबाई, घाईघाईनं, कारण घरी पोर गार पडलं होतं. मागं मार्तंडराव, दोन्ही हातांनी मोळी धरून. त्याच्या मागं अख्खी गल्ली. सकाळच्या मारबतीचा आवाज पोट्ट्यांच्या गळ्यात होताच, एकानं सुरू केलं अन् सगळ्यांनी उचललं, पासंगाची चोरी घेऊन जा गे मारबत. दुकानदार गाद्या सोडून बाहेर आले. रिक्षावाले थांबले. मार्तंडराव खाली पाहत चालला तं मोळी पुढं घसरायले लागली.

बायजाबाईनं मागं वळून पाहिलं.

"मान सरळ ठेवा भाऊ," ती म्हणे. "नाही तं पडते."