हिरव्या बॉनेटची डावी बाजू

सप्टेंबरात हिल्डिंगच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्या हाताला सहा महिने कामाला जुंपायचं नाही अशी ताकीद दिली. दुखण्याचं त्याला काही नव्हतं. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुखणी नवी नसतात. त्याला घोर लागला तो वेगळ्याच कारणाने: ऑक्टोबर तोंडावर आला होता, आणि ऑक्टोबरात गाडीला मेण लावायचं असतं.

गाडी म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालची गर्द हिरवी व्होल्वो. सोदरहाम्न गावाच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च बर्फ वितळवायला मीठ टाकणारे ट्रक फिरत असतात. या वयाच्या गाड्यांच्या गंजलेल्या दारांतून तिथे बोट आरपार जातं. हिल्डिंगच्या गाडीवर गंजाचा ठिपका नव्हता, आणि हे तो विचारणाऱ्याला सांगायचा, न विचारणाऱ्यालाही सांगायचा. गाडी दोनदा धुवायची. चिकणमातीचा गोळा फिरवून रंगात रुतलेली घाण उचलायची. मग सीलंटचा, म्हणजे रंगाला झाकणाऱ्या रसायनाचा थर, मग एक दिवस कळ काढायची, मग ताडाच्या पानांच्या कडक मेणाचे दोन थर, मध्ये पुन्हा एक दिवस. क्रम बदलायचा नाही. सीलंटला उघडा रंग लागतो, मेणावर ते धरत नाही. खाली कणखर, वर देखणं, असं तो म्हणायचा. हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं.

शेजारचा एगोन या गाडीवर दहा वर्षं डोळा ठेवून होता. स्वतःच्या गाडीला त्याने जन्मात फडकं लावलं नव्हतं. तो कॉफीला आला, हिल्डिंगचा गळ्यात बांधलेला हात त्याने पाहिला आणि दालचिनीचा पाव कॉफीत बुडवत म्हणाला, "संपलं म्हणायचं. आता गाडी मला विकून टाक. तू खिडकीतून बघत बस."

"डावा हात आहे अजून," हिल्डिंग म्हणाला.

"डाव्या हातानं तुला कप धरता येत नाही, मघाशीच बघितलं."

हिल्डिंग आपल्या नाकावर माशी बसू देणारा नव्हे. "ऐक. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावतो. डावी बाजू मी एकट्यानं करणार. तीस एप्रिलला, वाल्बोरीच्या होळीच्या दिवशी, बॉनेटवर पाणी ओतू. माझ्या बाजूवर पाण्याचे थेंब न होता ते नुसतं पसरलं, तर गाडी तुला विकली."

"शब्द?"

"शब्द."

कॉफी ओतणाऱ्या गुन्वोरचा हात थांबला. ती हिल्डिंगची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली होती आणि दर मंगळवारी गाण्याच्या मंडळात जायची. बस दोन वर्षांपूर्वीच बंद झाली होती. गाडी गेली की मंगळवारही गेला. पण तिला खरी भीती दुसरीच होती. गाडी गेली तर हा माणूस खरंच खिडकीत बसेल.

"आणि उजवी बाजू कोण करणार?" तिने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

चाळीस वर्षांच्या संसारात गुन्वोरने मेणाच्या डब्यांना हात लावला नव्हता, कारण तो लावू देत नव्हता. आता ती जुन्या चादरीच्या चिंध्या घेऊन उजव्या बाजूला उभी राहिली आणि डाव्या बाजूने हिल्डिंग उंटावरून शेळ्या हाकू लागला.

"थर पातळ दे गं. लोणी लावतेस का काय?"

"लोणीच लावत आलेय. चाळीस वर्षं, तुझ्या पावाला."

"गोल गोल नाही, सरळ घास."

"तू तुझ्या बाजूकडे बघ. तिथं धुकं पडलंय."

खरंच पडलं होतं. मेण वाळून पांढुरकं झालं होतं आणि डाव्या हाताला ते निघेल इतका जोर येत नव्हता. त्याने दात-ओठ खाऊन घासलं. घाम फुटला, पण त्याने मदत मागितली नाही आणि तिने देऊ केली नाही. पट्टी काढली तेव्हा लांबून तरी दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. हिल्डिंगने लांबूनच पाहिलं.

हिवाळा मग आला तसा आला. गाडी गुन्वोर चालवायची. मंगळवारी गाणं, शनिवारी बाजार, आणि परतताना चाकांपासून खिडक्यांपर्यंत मिठाची खरपुडी. दर गुरुवारी हिल्डिंग खांद्याच्या व्यायामाला दवाखान्याच्या टॅक्सीने शहरात जायचा आणि तीन तासांनी चिडून परत यायचा. गॅरेजमध्ये तो फारसा फिरकला नाही. जे बघायचं नाही ते माणूस बघत नाही.

एप्रिलच्या तीस तारखेला सकाळी कोवळं ऊन पडलं होतं. एगोन दहाला येणार होता. हिल्डिंगने आठलाच गाडी बाहेर काढली, धुतली, आणि बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं.

उजव्या बाजूवर थेंब पसरट बसले. ते ठीकच होतं. मेण हिवाळ्याने खाल्लं होतं, खालचं सीलंट तेवढं तग धरून होतं. एप्रिलात असंच दिसायला हवं.

डाव्या बाजूवर थेंब मटारासारखे गोल उभे राहिले.

"हा!" हिल्डिंग एकटाच ओरडला. डावा हात! एकाहत्तरावं वर्ष! एगोनचं तोंड कसं होईल हे डोळ्यांपुढे आणून तो अर्धा मिनिट नुसता सुखात न्हाला.

मग त्याने पुन्हा पाहिलं. या रस्त्यावरचे छत्तीस एप्रिल त्याने पाहिले होते. दोन्ही हात धड असताना, अगदी भरात असताना त्याने लावलेलं मेणसुद्धा एप्रिलात असं कधी उभं राहिलं नव्हतं. कुणाचंच राहत नाही. हे मेण फार तर तीन आठवड्यांचं होतं.

गुन्वोर पायरीवर बटाटे सोलत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"किती वेळा?"

तिने सुरी खाली ठेवली. "तीनदा. गुरुवारी."

"मीठ न धुता?"

"धुतलं होतं, कोमट पाण्यानं. मी काय वेडी आहे?"

"आणि तुझी बाजू?"

"माझ्या बाजूवर कुणाची पैज होती?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "जानेवारीतच तुझ्या बाजूवर पाणी नुसतं चादरीसारखं पसरायला लागलं होतं, हिल्डिंग. मला बघवेना."

त्याला आधी राग आला. लहान मुलाच्या चित्रात आईने मागून रंग भरावा तसं झालं होतं. मग एवढ्या थंडीत गॅरेजमध्ये चिंधी घेऊन वाकलेली ती त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि रागाला उभं राहायला जागा उरली नाही. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"गप्प बसलास तर कुणाला कळणार नाही," ती म्हणाली.

तेही खरंच होतं.

एगोन दहाच्या ठोक्याला आला. त्याने पाणी ओतलं, वाकला, टोपी मागे सरकवली. "मानलं बाबा! डाव्या हातानं! आणि गुन्वोरची बाजू बघ, पार बसली."

हिल्डिंगला वाटलं, हो म्हणावं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कष्ट नसतात. गाडी राहील, मंगळवार राहील, आणि गावात होळीपाशी रात्रभर त्याचंच नाव निघेल.

"डावी बाजूही गुन्वोरचीच आहे," तो म्हणाला. "माझं मेण जानेवारीतच गेलं. माझ्यानं नाही झालं, एगोन."

एगोन सरळ झाला. त्याला गंमत वाटली होती, पण दहा वर्षांची हावही होती. "मग पैज मी जिंकलो."

"जिंकलास."

"गाडी विकायची मला. शब्द दिलायस."

"दिलाय." हिल्डिंग उठला. खिशातून किल्ली काढून त्याने गुन्वोरच्या ओल्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. "पण माझी असली तर विकणार ना? अख्खा हिवाळा जिनं सांभाळली, तिची गाडी. आता तिला विचार."

गुन्वोरने हिल्डिंगकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तिचे कान लाल झाले.

"काय गुन्वोर?" एगोनने आशेने विचारलं. "विकतेस?"

"नाही," गुन्वोर म्हणाली.