लोमनिकची माणसं कुठे जातात

लोमनिकची नगराध्यक्षा मिलोयका हिने सभेसाठी मुद्दाम गुरुवार निवडला. गुरुवारी खाली नदीकाठच्या ब्रेझाला आठवड्याचा बाजार भरतो आणि बाजाराच्या दिवशी ब्रेझाची नगराध्यक्षा विल्मा जागची हलू शकत नाही. तिला पालापालांशी थांबून चीज चाखावं लागतं, तक्रारी ऐकाव्या लागतात, कुणाच्या नातवाचं कौतुक करावं लागतं. म्हणजे विल्मा वर येणार नाही. विल्मा आली की अख्ख्या सभेची तोंडं तिच्याकडे वळतात, हे मिलोयका शाळेपासून बघत आली होती.

"गुरुवारच का?" राजधानी ल्युब्लियानाहून नेमलेल्या प्रिमोझने फोनवर विचारलं.

"आमच्याकडे गुरुवारच सोयीचा," मिलोयका म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

प्रिमोझचं काम नकाशाचं होतं. नगरपालिकेची हद्द कागदावर असते. पण माणूस सकाळी उठून कामाला, दवाखान्याला, बाजाराला जिथवर जातो, तेवढा त्याचा खरा मुलूख. अशा मुलखाला ही मंडळी व्यवहारक्षेत्र म्हणत, आणि युरोपचा निधी हल्ली हद्दी बघून नव्हे, असली क्षेत्रं बघून मिळायचा. लोमनिक आणि ब्रेझाने एकत्र मागणी केली, तर त्या निधीतून घाटातली बस चालू राहणार होती. नाहीतर ती हिवाळ्याआधी बंद होणार, हे बसवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. अडचण एकच होती. अशा क्षेत्राला एक केंद्र लागतं, आणि प्रिमोझच्या अंदाजाने ते केंद्र ब्रेझा होतं.

"अंदाज कसले करता?" मिलोयकाने त्याला सुनावलं होतं. "लोमनिकला विचारा. लोमनिक स्वतःचं केंद्र आहे."

आणि एके काळी ते खरंच होतं. मोज्यांचा कारखाना वर लोमनिकला होता. पहाटे भोंगा व्हायचा, आणि ब्रेझाच्या पोरी चिखल नको म्हणून बूट हातात घेऊन घाट चढायच्या, वेशीपाशी पाय पुसून बूट घालायच्या. बस वर येताना भरलेली आणि उतरताना रिकामी असायची. पाव लोमनिकचा, डॉक्टर लोमनिकचा, शनिवारचा नाचही लोमनिकचाच. ओल्या लोकरीचा तो वास, आणि कामाची पाळी सुटल्यावर रस्ताभर सांडणारं बायकांचं हसू! जुना देश फुटून नवा झाला, कारखान्याला टाळं लागलं, नवा रस्ता खालून गेला, आणि बघता बघता बसची तोंडं फिरली.

भोंगा अजून वाजत होता, त्या काळात विल्मा पहिल्यांदा मिलोयकाच्या घरात आली. मोठी शाळा वर होती, हिवाळ्यात घाट बंद व्हायचा, म्हणून विल्माच्या आईने तिला आठवडाभर अल्बिनाकडे, म्हणजे मिलोयकाच्या आईकडे, ठेवली. एक वर्ष म्हणता म्हणता चार वर्षं राहिली. रविवारच्या सूपसाठी लाटलेल्या कणकेच्या शेवया सुरीने कापायला अल्बिना तिलाच बोलवायची. "हिचा हात बघ कसा पडतो," असं म्हणायची. तो हात मिलोयकाच्या डोळ्यांत तेव्हापासून सलत होता. पुढे दोघी आपापल्या गावच्या नगराध्यक्षा झाल्या, भेटल्या की एकमेकींच्या गालांना गाल लावू लागल्या, पण सल काही निघाला नाही.

गुरुवारी सकाळी मिलोयकाने आगीच्या बंबखान्यावरचा हॉल उघडायला लावला. खुर्च्या मांडल्या, कॉफीचं पातेलं चढवलं. मधल्या टेबलावर प्रिमोझने मोठा नकाशा पसरला. रीत सोपी होती. प्रत्येकाने आपल्या घरावर टाचणी टोचायची, आणि तिथून आपण जातो तिथवर लोकरीचा धागा न्यायचा. कामाला लाल, डॉक्टरला हिरवा, बाजाराला पिवळा.

कॉफी उकळली, निवली. कुणीच आलं नाही.

हॉलची किल्ली सांभाळणारी तोंचका दाराशी उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो बाई, आज गुरुवार. गावात असणार कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सगळे बाजाराला. पहिल्या बसला लोंबकळत गेले. मीही गेले असते, पण तुम्ही हॉल उघड म्हणालात. माझी अंडी तशीच पडलीत टोपलीत."

मिलोयकाचा चेहरा उतरला. विल्माला टाळायला तिने गुरुवार शोधला, आणि त्याच गुरुवारी तिचं सगळं गाव विल्माच्या अंगणात होतं. प्रिमोझ खाली बघत धाग्यांची रिळं लावत बसला. हसू येऊ नये म्हणून तो खोकला हे तिच्या लक्षात आलं.

"मग नकाशाच खाली नेऊ या," तो म्हणाला. "मागणीला आता मुदत उरलेली नाही, बाई."

"चला!" तोंचका म्हणाली. "माझी अंडीही घ्या गाडीत."

ब्रेझाच्या चौकात विल्मा दोन्ही हात पसरून समोर आली. "मिलोयका! बाजाराच्या दिवशी तू? अगं, कळवायचंस तरी!" तिने मधवाल्याला बाजूला सरकवून टेबल रिकामं करून दिलं. पाच मिनिटांत नकाशाभोवती गर्दी झाली, आणि गर्दीत सगळे ओळखीचे चेहरे. लोमनिकचा सुतार, लोमनिकची शिक्षिका, लोमनिकचे बंबवाले.

"बाई, आम्हाला दंड तर नाही ना?" सुताराने विचारलं. "मी फक्त मोळे घ्यायला आलोय."

"दर गुरुवारी मोळे?" त्याची बायको म्हणाली. "घर आहे की जहाज?"

धागे पडू लागले. लाल खाली, हिरवे खाली, पिवळे तर झुंडीने खाली. नकाशावरचं लोमनिक उलट्या धरलेल्या झाडूसारखं दिसू लागलं.

"खालून वर कुणीच जात नाही का?" मिलोयकाने विचारलं. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढा लागला.

"जातात की," चीजवाली म्हणाली. "मेल्यावर सगळेच जातात. दफनभूमी वरच आहे ना!"

चौकभर हशा पिकला. विल्मा हसली नाही, आणि तेच मिलोयकाला जास्त झोंबलं.

"तर केंद्र ब्रेझा," प्रिमोझ हळूच म्हणाला. "तुम्हाला मान्य नसेल तर लोमनिकला वगळून क्षेत्र आखावं लागेल. मग घाटाची बस त्यात बसत नाही."

"सांगते," मिलोयका म्हणाली. सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. वर जाऊन गावच्या कौन्सिलला काय म्हणणार होती ती? आपण झाडू आहोत?

"अल्बिनामावशींचा धागा राहिला," विल्मा म्हणाली. "थांब, त्यांना बोलावते."

"आई पेन्शनरांच्या मंडळात आहे. दर गुरुवारी असते."

 विल्माने नुसती चौकापलीकडच्या आपल्या घराकडे नजर टाकली, आणि मिलोयका तिकडे चालू लागली.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. अल्बिना बाह्या सारून ओट्याशी उभी होती. पुढ्यात लाटलेल्या कणकेच्या गुंडाळ्या, हातात सुरी. लेकीला बघून ती जराही दचकली नाही.

"आलीस? पाय पुस."

"आई, तू मंडळात जातेस म्हणालीस!"

"तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"मी कधी तुला अडवलंय? घरी काय कमी आहे तुला? टीव्ही आहे, गरम खोली आहे, तुला हात लावू देत नाही मी कशाला!"

"तेच ना," अल्बिना म्हणाली. "तू मला बसवतेस. ही मला राबवते. मागच्या गुरुवारी पीठ सैल झालं म्हणून ओरडली माझ्यावर. किती वर्षांनी कुणी ओरडलं गं!"

मिलोयका दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. 

"आणि बस बंद झाली तर?" तिने शेवटी विचारलं. "तर कशी येशील?"

"येईन सुताराच्या गाडीतून. परतीचं मात्र कठीण. मग इथेच राहीन रात्री. विल्माने वरची खोली दाखवलीय मला, नदीकडची." अल्बिनाने सुरी कणकेवर टेकवली. "छान पलंग आहे."

पलंगही पाहून ठेवला होता तर! रात्र. मग शुक्रवारची न्याहारी. मग थंडी आहे, चार दिवस राहा मावशी. मिलोयकाला सगळं पुढचं लख्ख दिसलं. ती तशीच वळली आणि चौकात जाऊन प्रिमोझपुढे उभी राहिली.

"केंद्र ब्रेझा लिहा. कौन्सिलला मी बघते. पण संध्याकाळची वर जाणारी बस ठेवायची. सकाळची एखाद वेळ चुकली तरी चालेल, संध्याकाळची चुकता कामा नये. गुरुवारी तर नाहीच."

"गुरुवारी का?" प्रिमोझने विचारलं.

"आमच्याकडे गुरुवारच सोयीचा," विल्मा मधेच म्हणाली. तिला काय कळलं होतं आणि किती, ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. "चल मिलोयका, घरात. बस, कॉफी करते."

स्वयंपाकघरात तिने मिलोयकाला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली, नक्षीचा कप पुढे ठेवला, आणि स्वतः अल्बिनाशेजारी उभी राहून पीठ भुरभुरू लागली. दोघी बोलत होत्या, अर्धी वाक्यं सोडून, जुन्या मायलेकी बोलतात तशा. मिलोयकाने दोन घोट घेतले आणि कप बाजूला सारला.

"मलाही सुरी दे."

"छे! पाहुणीला काम सांगतात का?"

"पाहुणी कशी? आता आपलं क्षेत्र एक झालं ना? दे सुरी."

विल्माने खण उघडून सुरी दिली. मिलोयका आईच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, एक गुंडाळी ओढून घेतली आणि जीव लावून कापू लागली.

अल्बिनाने तिच्या शेवयांवरून बोट फिरवलं. "जाड आहेत," ती म्हणाली. "विल्मा, दाखव गं हिला."