नेहमी राहणारी माणसं

दिवाणखाना जपानी होणार, हे दमयंतीला सलाइनची बाटली बदलताना कळलं. खिशातला फोन थरथरला. तिनं एक डोळा थेंबांवर ठेवला आणि दुसऱ्यानं फोटो पाहिला. बुटके सोफे, त्याहून बुटकं टेबल, भिंतीला पेजेचा रंग, आणि कोपऱ्यातल्या मडक्यात एकच वाकडी फांदी, तीही वाळलेली. खाली सुनेनं, पूर्णिमानं, लिहिलं होतं, 'आई, हे फायनल ना? सुतार थांबलाय.'

'छान आहे,' दमयंतीनं अंगठ्यानं लिहिलं.

गेले चार महिने ती हेच लिहीत होती. देवरूखच्या माळावर तिचं घर उभं राहत होतं आणि सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या हॉस्पिटलात ती वॉर्डातून वॉर्डात फिरत होती. बावीस वर्षं झाली. बाईचं वय इथल्या वाळूत जिरलं आणि तिथं जांभ्याचा एकेक थर चढत गेला. आधी जोतं, मग भिंती, मग स्लॅब. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, अशोक, तेव्हा हातात देश सोडायच्या परवानगीचा, एक्झिटचा, कागद पडून ती घरी पोचेपर्यंत त्याचा दहावा उलटून गेला होता. त्यानंतर दोन वर्षं काम बंद पडलं. मग पुन्हा सुरू झालं. माणूस थांबतो, घर थांबून राहत नाही.

आता आतली सजावट चालली होती, आणि प्रत्येकाला आपली खोली आपल्या तऱ्हेची हवी होती. मुलाची, प्रसादची, आणि सुनेची खोली स्कँडिनेव्हियन. थोरल्या नातीची बोहो, म्हणजे झालरी, गोंडे आणि वेताचा झोपाळा. धाकट्या नातवाला इंडस्ट्रियल पाहिजे होती. जेवणाची खोली राजस्थानी, कारण पूर्णिमा एकदा जयपूरला जाऊन आली होती. रत्नागिरीची डिझायनर, कीर्ती नावाची पोर, रोज दोन-चार चित्रं धाडायची. त्यावर घरच्यांचे वाद व्हायचे आणि शेवटचा हो दमयंतीनं म्हणायचा, कारण घर तिच्या नावावर. पायांचा थकवा तिला सवयीचा होता, कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवले की उतरायचा. हा हो म्हणण्याचा थकवा नवा होता, आणि त्यावर कसलं पाणी चालतं ते तिला ठाऊक नव्हतं.

पण आता दोनच महिने. करार संपत होता. तिनं राजीनामा दिला होता, आणि या खेपेला रजा नव्हती. जायचं ते खलास, कायमचं.

शुक्रवारी सुट्टी होती. सकाळी दहाला ती आणि हाजरा चहाचे पेले घेऊन खाटेवर बसल्या. हाजरा खेडची, लेबर रूमची नर्स. सकनमधली, म्हणजे हॉस्पिटलच्या वसतिगृहातली, ही खोली दोघींनी तेरा वर्षं वाटून घेतली होती. दोन खाटा, दोन कपाटं, मधे एक पडदा. तो पडदा शेवटचा कधी ओढला होता ते दोघींनाही आठवत नसेल.

कीर्तीनं सगळ्या घराचा व्हिडिओ पाठवला होता. दारातून शिरायचं आणि खोली खोली हिंडून यायचं, आपण चालतोय असंच वाटावं. दमयंतीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"ही कसली गो खोली?" हाजरानं विचारलं. "पाइप उघडेच ठेवलेत. पैसे संपले काय कंत्राटदाराचे?"

"इंडस्ट्रियल म्हणतात त्याला. नातवाची आहे."

"अगो, मग आपलं बाथरूम बघायला पाठव की त्याला. तेरा वर्षं इंडस्ट्रियलच आहे."

दमयंती हसली. व्हिडिओतला कॅमेरा बोहो खोलीत शिरला, झोपाळ्याला वळसा घालून बाहेर आला.

"इतके गोंडे? झाडेल कोण?"

"नातीची हौस गो."

"हौस नातीची, धूळ सुनेची. पुढं दाखव."

पुढं स्कँडिनेव्हियन खोली, फिकट लाकूड, फिकट पडदे. मग राजस्थानी कमानी. मग देवघर, सागाचं, लहानसं. जिन्याखाली एक कोनाडा, त्यात दिवा आणि अशोकचा फोटो. कीर्तीनं फोटोवरच्या हारातली फुलंसुद्धा नीट काढली होती. दमयंतीनं नकळत हात जोडले. शेवटी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक खोली आली, दोन अरुंद पलंग, भिंतीवर होडीचं चित्र, आणि दारावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'गेस्ट रूम, कोस्टल'. मग गच्ची, आभाळ, आणि व्हिडिओ संपला.

हाजरानं पेला खाली ठेवला.

"तुझी खोली खंय?"

"असेल की."

"असेल की काय? मी डोळे उघडे ठेवून बघितलंय. परत लाव."

परत लावला. दार, जपान, पाइप, गोंडे, फिकट पडदे, जयपूर, देवघर, कोनाडा, होडी, आभाळ. या खेपेला हाजरा बोटं दुमडत होती. एखादी खोली जास्त निघेल असं दमयंतीला वाटत होतं. निघाली नाही.

"वरच्या मजल्यावर असेल," दमयंती म्हणाली.

"वर गच्ची आहे, दमयंती."

दमयंती खिडकीकडं वळली. खिडकीबाहेर धुळीनं आभाळ मातकट झालं होतं. खाली कुणी तरी गाडी धूत होतं, आणि धुतल्या गाडीवर धूळ बसत होती.

"फोन लाव," हाजरा म्हणाली. "आत्ता लाव. सुनेनं विचारलंन का तुला एकदा तरी?"

तिकडे साडेबारा झाले होते. पूर्णिमानं पहिल्याच रिंगला उचलला. पाठीमागे करवतीचा आवाज होता.

"आई, बघितलंत? कसं वाटलं? देवघर किती गोड झालंय ना?"

"झालंय गं. पूर्णिमा, एक विचारू? मी कुठं झोपायचं?"

करवत थांबली, की पूर्णिमा तिथून बाजूला झाली, कळलं नाही.

"म्हणजे... गेस्ट रूम आहेच ना आई. तुम्ही आलात की ती तुमचीच. निळा रंग तुमच्यासाठीच घेतलाय, खरंच."

"आणि पाहुणे आले की?"

"तुम्ही असलात की आम्ही पाहुण्यांना..." पूर्णिमा अडली. "तुम्ही असता तेवढे दिवस..."

"मी येणार आणि जाणार असं नाहीय गं आता. मी परत येतेय."

"हो, हो, ते माहितीये ना आई." तिच्या आवाजावरून कळत होतं, माहीत होतं, पण जसं पुढच्या वर्षीचं पंचांग माहीत असतं तसं. "थांबा, हे इथंच आहेत."

प्रसाद फोनवर आला. गडबडीत होता. "आई, अगं त्या रूमचं प्लाय कापून झालंय. आणि महिन्यातून पंधरा दिवस मला घरून काम असतं, कॉल असतात, तेव्हा मी तिथंच बसणार होतो. तुला पाहिजे तर बघू काही तरी. हॉलमध्ये दिवाण टाकता येईल."

"जपानी दिवाण?" हाजरा मागून पुटपुटली. दमयंतीनं तिला हातानं गप्प केलं.

"प्रसाद, पाच माणसांच्या घरात चारच माणसांचा विचार कसा झाला रे?"

"आई," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज रागाचा नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "अगं, तूच तर फॉर्म भरलास."

"कसला फॉर्म?"

"कीर्तीनं पाठवलेला. घरात कोण कोण राहतं, कुणाला काय लागतं. तू म्हणालीस, मी भरते, तुम्हा पोरांना धीर नसतो. थांब, पाठवतो."

फॉर्म आला. तीन पानं. दमयंतीनं चष्मा लावला. तिला आठवलं. रमजानचे दिवस होते, वॉर्डात शांतता होती, आणि राजीनामा देऊन तिला आठवडासुद्धा झाला नव्हता.

किती जीव लावून भरला होता! 'प्रसाद: पाठ दुखते, गादी घट्ट लागते. उजेडात झोप येत नाही. पूर्णिमा: पहाटे उठते, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी द्यावी. उंची कमी आहे, ओटा त्या मानाने. थोरली: भिंतींवर चित्रं चिकटवते, रागवू नये अशी भिंत असावी. धाकटा: अंधाराला भितो पण कबूल करत नाही, पलंगाशी छोटा दिवा.' मग, 'यजमानांच्या फोटोसाठी जाता-येता दिसेल अशी जागा.' तुळस कुठं, चपला कुठं, छत्र्या निथळायला कुठं, सगळं लिहिलं होतं. त्याखाली कीर्तीचे दोन प्रश्न.

'घरात नेहमी राहणारी माणसं?'

'चार.'

'अधूनमधून येणारी?'

'एक. मी. वर्षातून तीस दिवस.'

दमयंतीनं चष्मा काढला. पुसला. परत लावला. अक्षरं तीच होती.

बावीस वर्षं दर उन्हाळ्याआधी ती रजेचा कागद भरत आली होती. नाव, इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्याचा नंबर, किती दिवस, तीस. तेच बोटांत बसलं होतं. कुणी विचारलं घरी किती दिवस, तर डोक्याआधी हात उत्तर देत होता. आणि शिफ्ट संपताना रोज पुढच्या नर्सच्या ताब्यात वॉर्ड द्यायचा तो मोजूनच: पेशंट चौदा, पंप सहा, सिलिंडर दोन. मोजणारीनं स्वतःला त्या मोजणीत कधी धरलं नव्हतं. धरतं कोण?

"कुणाचं नाव घेऊन रडू आता?" ती म्हणाली. रडत मात्र नव्हती. रडायलाही थोडं बळ लागतं.

हाजरानं फोन घेतला, तीनही पानं वाचली. फोन परत तिच्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "मी पण असाच भरला असता गो. मी तर तीस पण नसते लिहिले. मला एकवीसच मिळतात."

चहावर साय धरली होती. दमयंतीनं ती बोटानं बाजूला केली आणि गार चहा पिऊन टाकला. एकदा वाटलं, राहू दे. हॉलमधला दिवाण काय वाईट? रात्री पाठ टेकली की झालं, आणि दिवसा घर काही कमी मोठं नाही. अशा 'राहू दे, राहू दे'वर तर सगळं आयुष्य निभावलं. पण मग डोळ्यांपुढं आलं, पाहुणे हॉलमध्ये बसलेत, आणि आपण आपली चादर घडी करून ती कुठं ठेवावी म्हणून घरभर हिंडतोय.

तिनं कीर्तीला फोन लावला.

"नमस्कार काकू! व्हिडिओ पाहिलात?"

"पाहिला. सुरेख केलंयस. बाळा, फॉर्ममध्ये माझी चूक झालीय. नेहमी राहणारी माणसं पाच."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पाच करू?"

"कर. पाचवी मी."

"अय्या काकू, मग गेस्ट रूमचा लेआउट बदलावा लागेल. प्लाय कापलंय, पण ते मी दुसरीकडे वापरीन. प्रसाददादांना..."

"त्याला मी सांगते. त्याचं टेबल जेवणघराच्या खिडकीशी बसेल. तिथं पाऊस दिसतो."

"ठीक आहे. मग तुमची माहिती द्या, सगळ्यांची तुम्ही दिलीत तशी. सकाळी किती वाजता उठता?"

"ड्युटी असेल तसं."

"तिथलं नाही काकू. इथं, घरी."

दमयंतीनं हाजराकडं पाहिलं. हाजरानं खांदे उडवले.

"ते अजून ठरायचंय," दमयंती म्हणाली.

"बरं. रंग कोणता आवडतो? स्टाईल कुठली करू? मिनिमल? ट्रॅडिशनल? कोस्टलच ठेवू?"

चार महिने तिनं इतक्या खोल्यांना छान आहे म्हटलं होतं. कुणाला घट्ट गादी, कुणाला छोटा दिवा, हे तिला तीन हजार किलोमीटरवरून दिसत होतं. स्वतःपाशी मात्र तिला काहीच सापडेना. आतल्या आत ती एकेक कप्पा उघडून बघत होती, आणि सगळीकडे दुसऱ्यांचेच कपडे घडी करून ठेवलेले.

"मला ठाऊक नाही गं," शेवटी ती म्हणाली. "काही करू नकोस. चुना मारून सोड. मी येते, महिनाभर राहते, मग सांगते. एवढंच कर, नकाशातलं ते गेस्ट रूम खोड."

"त्या जागी काय लिहू? आईंची खोली?"

"दमयंती लिही."

तासाभरानं सुधारलेला नकाशा आला. टेबलाचं तिनं प्रसादला लिहून कळवलं होतं, त्याचा निरोप नकाशाच्या आधीच आला होता, 'ठीक आहे आई. सॉरी.' आणि थोड्या वेळानं आणखी एक, 'पाऊस खरंच दिसतो तिथून.'

नकाशात निळ्या पट्ट्या नव्हत्या, होडी नव्हती. एक कोरी चौकट, आत नाव, आणि माप, दहा बाय अकरा.

"दहा बाय अकरा म्हणजे किती गो?" हाजरानं विचारलं. "या खोलीएवढी?"

"या खोलीत आपण दोघी आहोत."

"चल, बघूया."

खोलीत खाटा आणि कपाटांमुळं मोजायला जागाच नव्हती, म्हणून दोघी बाहेरच्या लांबरुंद व्हरांड्यात आल्या. टाचेला अंगठा लावून दमयंती चालली, दहा पावलं, मग वळून अकरा. चार कोपऱ्यांवर हाजरानं दोघींच्या सपाता ठेवल्या, एकेक. तेवढ्यात लिफ्टमधून एक केरळची पोर धुण्याची बादली घेऊन आली आणि सरळ मधून निघाली.

"अरे उधर से, उधर से!" हाजरा ओरडली. "इधर घर है, दिखता नहीं?"

पोर बावरली, भिंतीला घासून पलीकडे गेली, आणि जाताना मागे वळून बघत राहिली.

दमयंती चौकटीच्या मधोमध उभी होती. थंड फरशी अनवाणी पायांना लागत होती. ती एका सपातेकडून दुसरीकडे गेली, परत आली. मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली, पाय लांब केले.

"दहा बाय अकरा म्हणजे पुष्कळ झालं गो," हाजरा म्हणाली. "चल, ऊठ. कपडे धुवायचेत."

"थांब जरा," दमयंती म्हणाली. "बसू दे."

हाजरा थोडी थांबली. मग सपाता ओलांडून आत येण्याऐवजी बाहेरच, फरशीवर, फतकल मारून बसली.

"आत येऊ काय?" तिनं विचारलं.

"ये," दमयंती म्हणाली आणि थोडी सरकली.